जकातीची तूट

तळोज्याच्या कारखान्यांतून निघालेली मालमोटार वाशीची खाडी ओलांडून मुंबईत शिरताना आता जकातनाक्यावर थांबत नाही. ही सोय 1 जुलै 2017 रोजी वस्तू व सेवा कर लागू झाल्यापासूनची असली, तरी तिच्यामागील खटपट फार जुनी आहे. पेशवाईत माल लादला जाई तेथे थळभरीत, विकला जाई तेथे थळमोड आणि शिवाय शिक्का मारण्याबद्दल छापा, अशी जकात पडे. वाटेवरचे मक्तेदार इतके असत की व्यापारी हुंडेकऱ्याला ठराविक रक्कम देऊन मोकळा होई आणि नाक्यानाक्यावरचा हिशेब चुकता करण्याची जोखीम तो हुंडेकरी पत्करी.

मुंबई इलाख्यातील ही रहदारी जकात कंपनी सरकारने 1838 च्या कायद्याने उठवली. हुकूम एकाचा, खजिनाही एकाचाच, म्हणून ते सुकर झाले. त्याच सुमारास, 1834 साली, अनेक जर्मन संस्थानांनी प्रशियाच्या पुढाकाराने जकातसंघ स्थापून उत्पन्न लोकसंख्येच्या प्रमाणात वाटून घेतले. जेथे खजिने अनेक, तेथे तूट कोण भरून देणार, हाच प्रश्न सर्वांत आधी सोडवावा लागतो.

गोव्याच्या सरहद्दीवर तो फार कठोरपणे सुटला. 26 डिसेंबर 1878 च्या तहाने ब्रिटिश हिंदुस्थान आणि पोर्तुगीज मुलूख यांमधील जकात काढून टाकण्यात आली. मोबदल्यात पोर्तुगीज सरकारला सालिना चार लक्ष रुपये मिळाले, पण गोव्यातील मिठागरे ब्रिटिशांच्या नियंत्रणाखाली गेली. खजिन्याची भरपाई झाली, मिठागरावर राबणाऱ्याची झाली नाही, आणि हा तह 1892 मध्ये संपुष्टात आला, याचे मला नवल वाटत नाही.

स्वातंत्र्योत्तर काळात राज्यांचा विक्रीकर निरनिराळा होता. 1 एप्रिल 2005 रोजी महाराष्ट्रासह बहुतेक राज्यांनी मूल्यवर्धित कर स्वीकारला, तोही अर्थमंत्र्यांच्या अधिकारप्राप्त समितीत वर्षानुवर्षे वाटाघाटी करून. पुढे वस्तू व सेवा कर परिषदेत केंद्राच्या मताचे वजन एक तृतीयांश, राज्यांचे दोन तृतीयांश, आणि निर्णयाला तीन चतुर्थांश बहुमत, अशी रचना ठरली. ती मला न्याय्य वाटते, कारण तीत केंद्र एकटे काही लादू शकत नाही आणि राज्येही केंद्राला वगळू शकत नाहीत. तरीही राज्ये राजी झाली ती मुख्यतः 2015-16 च्या महसुलावर दरसाल 14 टक्के वाढ धरून पाच वर्षे तूट भरून देण्याच्या हमीमुळे. जकात गमावणाऱ्या मुंबई महापालिकेलाही राज्य सरकारने अशीच भरपाई बांधून दिली. 2020 साली महामारीने महसूल आटला, तेव्हा त्या हमीसाठी केंद्राला 1.10 लाख कोटी रुपयांचे कर्ज काढून राज्यांना द्यावे लागले.