थांबवणारा कोच

2022 च्या जुलैत आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे जागतिक स्पर्धेत तीन हजार मीटर स्टीपलचेसची फायनल धावला, तेव्हा आपल्याकडे सकाळ होती. सराव आटोपून आम्ही दहा-बारा जण एका मोबाइलभोवती उकिडवे बसलो होतो. अविनाश अकरावा आला. पोरं हळहळली. मी मात्र ते मैदान बघत होतो. अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात युजीन नावाचं गाव आहे, तिथलं हे हेवर्ड फील्ड. मैदान आता नव्यानं बांधलंय. कडेला उंच मनोरा आहे आणि त्यावर पाच जणांची चित्रं आहेत. चौघे खेळाडू, पाचवे एक कोच: बिल बाउरमन.

मी एकोणतीस वर्षं कॉलेजात फिजिकल डायरेक्टर होतो. बाउरमन यांचं नाव मला कळलं ते निम्मी नोकरी झाल्यावर, आणि ते उशिरा कळलं याचं दुःख अजून आहे. त्या दुःखाला कारण आहे.

आमच्या कॉलेजात खेड्यातून येणारा एक मुलगा होता. घर ते एसटी थांबा चार किलोमीटर, ते तो रोज पळतच यायचा. आंतरमहाविद्यालयीन क्रॉसकंट्रीला महिना राहिला होता आणि पुढं पोलीस भरतीही होती. मी त्याला रोज पळवला. सोमवारी टेकडी, मंगळवारी चारशेचे बारा राउंड, बुधवारी परत टेकडी. एके दिवशी म्हणाला, "सर, नडगी ठणकतीय." मी म्हणालो, "पळ, गरम झाली की सुटंल." आमच्या सरांनी आम्हाला हेच सांगितलं होतं. आठवड्यानं तो टेकडीवरच खाली बसला. एक्सरेत हाडाला केसाएवढी चीर निघाली. क्रॉसकंट्री गेली, त्या वर्षीची भरतीही गेली. त्याच्या वडिलांनी मला एका शब्दानं दोष दिला नाही. उलट "सर, तुम्ही लई मेहनत घेतली," म्हणाले. ते वाक्य आजही सोसत नाही.

बाउरमन यांचा जन्म 1911 चा. वडील काही काळ ऑरेगनचे हंगामी गव्हर्नर होते, पण घर मोडलं आणि आईनं मुलांना फॉसिल नावाच्या छोट्या गावी नेऊन वाढवलं. ऑरेगन विद्यापीठात ते फुटबॉल खेळले आणि बिल हेवर्ड यांच्या हाताखाली धावले. मैदानाला नाव आहे ते याच हेवर्ड यांचं. पुढं मेडफर्डच्या हायस्कुलात शिकवलं. दुसऱ्या महायुद्धात पर्वतीय तुकडीबरोबर इटलीत लढले. 1948 मध्ये विद्यापीठानं त्यांना ट्रॅकचे मुख्य कोच नेमलं आणि 1972 च्या हंगामापर्यंत ते तिथंच राहिले. एवढ्या काळात अमेरिकी विद्यापीठांची राष्ट्रीय स्पर्धा त्यांच्या संघानं चार वेळा जिंकली: 1962, 1964, 1965 आणि, इतर दोन विद्यापीठांसह विभागून, 1970. ओटिस डेव्हिसनं 1960 च्या रोम ऑलिंपिकमध्ये चारशे मीटरचं सुवर्ण घेतलं, बिल डेलिंजरनं टोकियोत पाच हजारांचं कांस्य. हे दोघेही त्यांच्याच तालमीतले.

पण मला त्यांच्याकडून घ्यायचं होतं ते पदकांपेक्षा वेगळं. त्या काळात लांब पल्ल्याच्या धावपटूंमध्ये एकच मंत्र चालायचा, जास्त पळा. नामांकित धावपटू झाटोपेक दिवसाला चारशेचे कितीतरी राउंड मारतो, तर आपणही मारायचे. बाउरमन यांनी सरावाची घडीच बदलली. एक दिवस कसून, दुसरा दिवस हलका. एखाद्याला दोन दिवस हलके लागले तर दोन. कारण साधं आहे. शरीर पळताना झिजतं आणि विसाव्यात भरून येतं. भरून येण्याआधीच पुन्हा झिजवलं, तर पोरगा बळकट न होता आटत जातो.

केनी मूर हा त्यांचा विद्यार्थी. हाडाचा कष्टाळू, ऐकायचाच नाही. हलक्या दिवशीही चोरून मैलच्या मैल पळायचा आणि वरचेवर आजारी पडायचा. बाउरमन यांनी एक दिवस त्याचा गळा धरला आणि बजावलं, तीन आठवडे रोज तीन मैल, तेही हळू, त्याउपर एक पाऊल नाही. मूर मनातून चिडला, पण पाळलं. त्यानंतरच्या शर्यतीत तो दोन मैल 8 मिनिटं 48 सेकंदांत धावला. आधीच्या वेळेपेक्षा 27 सेकंद कमी! ज्यानं घड्याळ हातात धरून मुलांना पळवलंय, त्यालाच 27 सेकंद म्हणजे काय ते कळेल. आम्ही वर्षभर घाम गाळून पाच सेकंद कमी केले तर पेढे वाटतो. हाच मूर म्युनिक ऑलिंपिकच्या मॅरेथॉनमध्ये चौथा आला आणि पुढं त्यानंच आपल्या कोचचं चरित्र लिहिलं.

दुखापतीच्या बाबतीत बाउरमन यांचा धीर मोठा होता. कॅनडाचा हॅरी जेरोम त्यांच्याकडे शिकला. शंभर मीटर दहा सेकंदांत धावून त्यानं विश्वविक्रमाशी बरोबरी केली होती. 1962 मध्ये पर्थला त्याच्या मांडीचा स्नायू असा फाटला की आता तो संपला असंच सगळे म्हणाले. बाउरमन यांनी त्याला वाऱ्यावर सोडलं नाही. दोन वर्षांनी टोकियोत जेरोमनं कांस्यपदक घेतलं.

बाउरमन यांच्या बुटांची गोष्ट आता सगळ्यांना माहीत आहे, पण तिच्यामागचा हिशेब फार कमी जण सांगतात. मी तो दरवर्षी फळ्यावर मांडायचो. धावपटूचं पाऊल सहा फुटांचं धरा. मैलाला 880 पावलं झाली. बुटाचं वजन एका औंसानं, म्हणजे 28 ग्रॅमनं कमी केलं, तर मैलभरात जवळपास पंचवीस किलो वजन उचलायचं वाचलं. कॅनव्हासचे बूट घालून पळणारी माझी पोरं पायाकडे बघायची. बाउरमन यांनी बूट कंपन्यांना पत्रं लिहिली, दाद मिळाली नाही, तेव्हा स्वतःच चामडं कापायला आणि शिवायला बसले. ते बूट घालून बघायचा मान फिल नाइट नावाच्या एका मधल्या फळीतल्या धावपटूला मिळाला. 1964 मध्ये या गुरुशिष्यांनी प्रत्येकी 500 डॉलर घालून जपानी बूट विकायचा धंदा काढला. त्याचीच पुढं नाइकी झाली. घरातल्या वॉफलच्या साच्यात रबरासारखं रसायन ओतून त्यांनी खाचांचा तळवा केला. पहिल्याच खेपेला साचा चिकटून कायमचा बंद झाला. तो लग्नात आहेर आलेला साचा होता! कोंदट खोलीत वर्षानुवर्षं डिंकाची वाफ घेतल्यानं मात्र त्यांच्या पायांच्या नसांना कायमची इजा झाली. आपण केलेले बूट घालून त्यांना स्वतःला पळता येईना.

आज आपल्या गावोगावच्या मैदानांवर पहाटे साडीवर बूट घालून हळूहळू पळणाऱ्या बायका दिसतात, त्याचा एक धागाही त्यांच्यापाशी जातो. 1962 च्या डिसेंबरात ते न्यूझीलंडला तिथले कोच आर्थर लिडियार्ड यांच्याकडे गेले होते. तिथं सत्तरी ओलांडलेला एक गृहस्थ टेकडीवर त्यांच्यापेक्षा सहज पळत होता आणि मागं पडलेल्या या नामांकित कोचसाठी थांबत होता. परतल्यावर त्यांनी युजीनकरांना मैदानावर बोलावलं. गर्दी इतकी वाढली की एखाद्याचं हृदय बंद पडेल या भीतीनं त्यांनी लोकांना घरी पाठवलं. मग डॉ. वाल्डो हॅरिस या हृदयरोगतज्ज्ञाला सोबत घेऊन चाळिशी-पन्नाशीच्या माणसांना झेपेल असा क्रम बसवला. त्यांचं जॉगिंगवरचं पुस्तक लाखोंनी खपलं. इथंही बघा, लोकांना पळायला लावण्याआधी त्यांनी थांबवलं होतं.

1972 मध्ये म्युनिकला ते अमेरिकी ट्रॅक संघाचे मुख्य कोच होते. ऑलिंपिक गावात इस्रायली खेळाडूंवर अतिरेक्यांनी हल्ला केला, त्या पहाटे इस्रायलचा चालपटू शाउल लादानी जीव वाचवून त्यांच्याच दारात आला. बाउरमन यांनी लगेच वकिलातीला फोन करून आपल्या खेळाडूंसाठी सैनिक मागवले. त्यांचा लाडका स्टीव्ह प्रीफाँटेन पाच हजारांत शेवटच्या काही पावलांत पदक हुकून चौथा आला. तिथून परतल्यावर त्यांनी कोचपद सोडलं. 1999 च्या नाताळाच्या आदल्या दिवशी फॉसिलमध्येच ते गेले.

माझा तो मुलगा पुढच्या वर्षी भरती झाला. मधल्या काळात मी त्याला आठवड्यातून तीनच दिवस कसून पळवलं, बाकीचे दिवस बांधावरून नुसता चालवला. आता सेवेत असलेल्या क्रीडाशिक्षकांना आणि गावोगावी भरतीची अकॅडमी चालवणाऱ्या भावांना माझी हात जोडून विनंती आहे: उद्या एखादा पोरगा "सर, नडगी दुखतीय" म्हणाला, तर शिट्टी खिशात ठेवा आणि त्याला त्या दिवशी घरी पाठवा.