शयनयान
रात्रीच्या प्रवासात झोपण्याची सोय असलेला रेल्वेचा डबा. अमेरिकेत जॉर्ज पुलमन याने 1860 च्या दशकात असे डबे लोकप्रिय केले. भारतात रुंदमापी मार्गामुळे वरच्या वर्गाच्या डब्यांत ऐसपैस बाके बसवता येत. अंथरूण मात्र बहुधा प्रवाशाच्या होल्डॉलमधून येई.

मुंबईहून उत्तरेकडे निघालेला, ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्यातून आसनगाव, आटगाव, खर्डीमार्गे जाणारा लोहमार्ग 1861 मध्ये कसाऱ्यापर्यंत आणि थळ घाट ओलांडून 1865 मध्ये इगतपुरीस पोचला. उत्तरेकडच्या रात्रगाड्यांची ही मुख्य वाट. 1912 मध्ये सुरू झालेली पंजाब मेल मुंबईहून पेशावरला जाई. आरंभी ती केवळ वरच्या वर्गाच्या प्रवाशांसाठी होती. सामान्य प्रवाशाला आडवे होण्याची सोय स्वातंत्र्यानंतरच मिळाली, आणि शयनयानाच्या इतिहासातला खरा मोठा बदल हाच होय. हा सामान्य प्रवासी ज्या तिसऱ्या वर्गातून जाई, तो 1974 मध्ये रद्द झाला.

तीन मजली डब्यात मधला बर्थ दिवसा बाकाच्या पाठीसारखा टेकवलेला असतो. रात्री तो उचलून साखळ्यांना अडकवतात. झोपेची वेळ रात्री दहा ते सकाळी सहा. जुन्या धाटणीच्या शयनयानात 72 बर्थ असतात. वातानुकूलित तीन मजली डबे 1990 च्या दशकात आले.

कसाऱ्याला घाटाच्या 1:37 चढासाठी गाडीला मागून जादा इंजिने जोडतात. त्या धक्क्याने झोपलेल्यांना घाट आल्याचे कळते. शहापूर तालुक्यातील शेणवा परिसरातील प्रवाशांना मात्र लांब पल्ल्याच्या बहुतेक गाड्या कल्याणला जाऊनच पकडाव्या लागतात.