अथीना प्रकल्प व मेजावरील संगणकांची देखभाल (इ. स. १९८३–१९९१)

यंत्रांच्या इतिहासांत शोधकाचें नांव राहतें. यंत्र चालतें ठेवणाराचें बहुधा राहत नाहीं. संगणकाच्या बाबतींत हा पक्षपात विशेष दिसून येतो. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी (एमआयटी) या विद्यापीठांत चाललेल्या ‘अथीना’ प्रकल्पाची गोष्ट निघाली म्हणजे ‘एक्स विंडो’ व ‘कर्बेरॉस’ या दोन कृतींचा गौरव होतो. परंतु प्रकल्पाची एकंदर मांडणी पाहूं गेल्यास तिच्या मुळाशीं एक साधा, घरगुती वाटणारा प्रश्न आढळतो: शेंकडों मेजांवर संगणक मांडले, तर त्यांची निगा राखावी कोणी व कशी? प्रस्तुत लेखांत याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

एमआयटीस संगणक नवा नव्हता. इ. स. १९६१ सालीं फर्नांडो कॉर्बाटो यांनीं तेथें सीटीएसएस ही प्रणाली चालवून दाखविली. एका मोठ्या यंत्राचा वेळ अनेकांत वांटून देण्याची ती योजना होती. वापरणारापुढें टंकयंत्रासारखें टर्मिनल तेवढें असे. मुख्य यंत्र व त्याचे कारभारी एके ठिकाणीं असत. टर्मिनल बिघडलें तर दुसरें आणून ठेवावें, काम भागलें. मेजावरच्या संगणकानें ही घडी मोडली. प्रत्येक मेजावर स्वतंत्र डिस्क आली, स्वतंत्र प्रणाली आली आणि त्यांच्या पाठोपाठ स्वतंत्र बिघाडहि आला. वापरणारास स्वातंत्र्य मिळालें खरें. परंतु निगेचा भारहि त्याच्याच माथीं बसला.

इ. स. १९८३ च्या मे महिन्यांत अथीना प्रकल्प जाहीर झाला. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन व आयबीएम या दोन कंपन्यांनीं यंत्रें व माणसें मिळून सुमारें ५ कोटी डॉलरांचें साह्य देऊं केलें. पदवीच्या विद्यार्थ्यांच्या शिक्षणांत संगणकाचा उपयोग करावा हा हेतु होता. मुदत पांच वर्षांची ठरली; ती पुढें तीन वर्षांनीं वाढविण्यांत आली. संचालकपद स्थापत्य अभियांत्रिकीचे प्राध्यापक स्टीव्हन लर्मन यांजकडे, व तांत्रिक बाजू जेरोम सॉल्ट्झर यांजकडे होती. सॉल्ट्झर यांनीं पूर्वीं सीटीएसएस व तिच्या मागून आलेली मल्टिक्स या दोहोंवर काम केलें होतें, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. आरंभीं वेळ वांटून देणारीं व्हॅक्स ११/७५० यंत्रें बसविण्यांत आलीं. मागाहून त्यांची जागा वर्कस्टेशनांनीं घेतली.

अडचण कशी होती हें साध्या हिशेबानें कळेल. एका यंत्राच्या निगेस आठवड्यास अर्धा तास धरिला, तरी हजार यंत्रांस पांचशें तास लागतात. म्हणजे बारा-तेरा माणसांचा सबंध आठवडा केवळ डागडुजींत खर्ची पडावयाचा. त्यांत यंत्रें दोन निरनिराळ्या कंपन्यांचीं. यावर अथीनाच्या मंडळींनीं योजिलेला उपाय असा कीं, वर्कस्टेशनापाशीं स्वतःचें म्हणून मोलाचें कांहीं ठेवूंच नये. प्रोग्रॅम व वापरणाराचे कागद मध्यवर्ती सर्व्हरांवर असावे. विद्यार्थ्यानें नांव व पासवर्ड दिला म्हणजे त्याचे कागद कोठें आहेत हें ‘हेसिऑड’ सांगे आणि ते त्या यंत्रास जोडले जात. तो उठून गेला म्हणजे मागची आवराआवर होई. यंत्र बिघडलें तर त्यानें शेजारच्या यंत्रावर बसावें. खात्यांची नोंद ‘मॉयरा’ ठेवी. सूचना पोहोंचविण्याचें काम ‘झेफर’ करी. अडलेल्यानें आपल्याच यंत्रावरून प्रश्न विचारावा व सल्लागारानें आपल्या जागेवरून उत्तर द्यावें, यासाठीं ‘ओएलसी’ ही सोय होती. रॉबर्ट शाइफ्लर व जिम गेटिस यांच्या एक्स विंडोमुळें (१९८४) एकच प्रोग्रॅम कोणत्याहि कंपनीच्या पडद्यावर दाखवितां येऊं लागला.

परंतु या उपायांतून दुसरी अडचण उत्पन्न झाली. वर्कस्टेशनें सार्वजनिक दालनांत असत. तेथें कोणीहि बसावें. त्या यंत्रांचा मुख्य पासवर्डहि गुप्त ठेवीत नसत. तेव्हां ‘अमुक गृहस्थ आला आहे’ या यंत्राच्या बोलण्यावर सर्व्हरानें विश्वास कसा ठेवावा? या प्रश्नाचें उत्तर म्हणजे कर्बेरॉस. स्टीव्ह मिलर व क्लिफर्ड न्यूमन यांनीं, रॉजर नीडहॅम व मायकेल श्रोडर यांच्या १९७८ च्या योजनेच्या आधारें, तो रचिला. त्यांत पासवर्ड नेटवर्कवरून जात नाहीं; मध्यवर्ती सर्व्हर ठराविक मुदतीचें तिकीट देतो व तेंच पुढें दाखवावयाचें असतें. मराठेशाहीच्या कागदपत्रांत दस्तकांचे उल्लेख पुष्कळ येतात. चौकीदारानें वाटसरूस ओळखावें अशी गरज नसे. दस्तकावरचा शिक्का ओळखला म्हणजे पुरे. कर्बेरॉसचें तिकीट याच जातीचें आहे. मात्र त्याची मुदत तासांत मोजावयाची.

या व्यवस्थेवर आक्षेप घेण्यास जागा आहे. एमआयटीच्याच कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेंत आयटीएस ही प्रणाली आरंभीं पासवर्डावांचून चाले. यंत्र सर्वांस खुलें असावें ही तेथील परंपरा होती. अथीनानें कारभार पुनः मध्यवर्ती केला. सर्व्हर बंद पडला कीं मेजावरचीं कितीएक यंत्रें एकदम लुळीं पडावयाचीं. तथापि आमच्या मतें हा व्यवहार तोट्याचा नव्हता. वापरणारानें यंत्रावरची मालकी सोडली, आणि आपले कागद कोणत्याहि मेजावर मिळण्याची हमी घेतली.

इ. स. १९९१ च्या जूनमध्यें प्रकल्प संपला. त्याची व्यवस्था मात्र विद्यापीठानें पुढें चालू ठेविली. कर्बेरॉसची पांचवी आवृत्ति १९९३ सालीं इंटरनेटच्या प्रमाणग्रंथांत आली, व मायक्रोसॉफ्टनें विंडोज २००० मध्यें ती स्वीकारिली. पुण्या-मुंबईच्या ज्या कचेऱ्यांतून विंडोजची मध्यवर्ती खातीं चालतात, तेथें सकाळीं पासवर्ड देणारा कारकून बहुधा याच घराण्याचें दस्तक घेऊन कामास बसतो.

आपल्याकडील संशोधनसंस्थाहि आपलीं दफ्तरें संगणकांत आणीत आहेत. यंत्रांच्या खरेदीचा हिशेब सर्वत्र ठेविला जातो. तीं राखणार कोण, बिघडल्यास कागद कोठून मिळावयाचे, व ते पाहण्याचा अधिकार कोणी द्यावयाचा, हे तीन प्रश्न अथीनाच्या मंडळींनीं मांडणी करतांनाच विचारांत घेतले. दफ्तराची खोली बांधण्यापूर्वीं दफ्तरदार नेमण्याइतकेंच तें अगत्याचें होतें, आणि तें आपणांसहि चुकणार नाहीं.