बटाटा बेणे : आकारमान, कीड-रोग व उत्पादन
लागवडीसाठी वापरायच्या कंदाला बेणे म्हणतात. साधारण ३० ते ४० ग्रॅम वजनाचा, अडीच ते पाच सेंमी. व्यासाचा अखंड कंद उत्तम. हेक्टरी १५ ते २० क्विंटल बेणे लागते. कंद मोठा असेल तर डोळे जास्त, खोडे जास्त. झाड लवकर पसरते व बटाटे संख्येने अधिक, पण आकाराने बारीक मिळतात. शिवाय खर्च वाढतो. म्हणून शेतकरी कंद कापतात. महाराष्ट्रात खरा घोटाळा इथेच होतो.

पुणे जिल्ह्यातील सातगाव पठारावर बटाटा खरिपात होतो. बेणे पंजाबातून मंचरच्या बाजारात येते. पावसाळी ओलीत कापलेली फोड सडते, आणि एका रोगट कंदातून फिरलेला विळा बांगडी रोगाचे जिवाणू पुढच्या कंदांना लावतो. कापायचेच तर प्रत्येक फोडीवर दोन-तीन डोळे ठेवावेत, विळा निर्जंतुक करावा, फोडी सावलीत सुकवाव्यात.

गोलटी, म्हणजे बारीक कंदांचे, बेणे स्वस्त वाटते. पण विषाणूग्रस्त झाडालाही बारीक बटाटे धरतात. घरच्या पिकातली गोलटी दरवर्षी राखली की पाने गुंडाळणारा रोग व मोझॅक साचत जातात, मावा हे रोग पसरवतो. दोष आकाराचा नव्हे, बेण्याच्या वंशावळीचा. प्रमाणित बेण्यातील लहान कंद चालतात.

उघड्या कंदांवर बटाट्याची पाकोळी (पतंग) अंडी घालते, त्यामुळे बेणे कोणतेही असो, मातीची भर हवीच.