वाढत्या अंगाचे बूट

‘वाढत्या अंगाचे’ हा मराठीतला मोठा अर्थपूर्ण शब्दप्रयोग आहे. शिंप्याकडे माप देताना आई तो हटकून उच्चारत असे. कापडाला आतून दुमड ठेवता येते, पुढच्या वर्षी ती उसवून खाली सोडता येते. बुटांना ही सोय नाही. म्हणून आमच्या बालपणी जून महिन्यात शाळेचे बूट एक माप मोठे घेतले जात आणि टोकाशी कापसाचा बोळा कोंबला जाई. बोळा काढण्याची वेळ येई तोवर तळ झिजलेला असे. या घरगुती अर्थशास्त्राचा इतिहास सहसा कोणी लिहीत नाही. आम्ही तो येथे स्कीच्या बुटांच्या निमित्ताने पाहणार आहोत, कारण तेथे कापसाचा बोळा चालत नाही.

प्रारंभी तो चालत असावा, असे मानण्यास जागा आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बर्फावरून घसरणारे लोक नाडीचे चामडी बूट घालीत. १९२९ च्या सुमारास स्वित्झर्लंडच्या गीदो रॉयगे यांनी तारेचे ‘कंदाहार’ बाइंडिंग काढले आणि उतारावर टाच स्कीला जखडणे शक्य झाले. (१८८० साली कंदाहारची लढाई जिंकणाऱ्या लॉर्ड रॉबर्ट्स यांच्या नावे १९११ पासून स्कीच्या शर्यतीसाठी चषक दिला जाई; नावाचा उगम तेथे आहे.) १९५५ मध्ये हेंके या स्विस कंपनीने नाड्यांच्या जागी बक्कल आणले. १९६० च्या दशकात अमेरिकेच्या बॉब लँग यांनी प्लास्टिकचे बूट बाजारात आणले, आणि चामड्याचा काळ सरला.

या सगळ्या प्रवासाची दिशा एकच होती : अधिकाधिक ताठरपणा. स्की वळवायची तर नडगी पुढे झुकवावी लागते. तो दाब बुटाच्या कवचातून स्कीच्या कडेपर्यंत पोचतो. कवच आणि पाय यांत पोकळी असेल तर दाब तेथेच जिरतो. प्रौढांच्या दृष्टीने ताठर कवच हे वरदानच होते, कारण त्यांचा पाय वाढायचा थांबलेला असतो.

मुलाचा पाय थांबत नाही. शाळकरी वयात तो वर्षाकाठी सुमारे एक सेंटिमीटर वाढतो. स्कीच्या बुटांचे ‘माँडोपॉइंट’ माप म्हणजे पायाची सेंटिमीटरमधली लांबी, आणि साधारणतः प्रत्येक पूर्ण सेंटिमीटरला एक कवच असते. म्हणजे वर्ष पालटले की कवच पालटले! हंगाम मात्र जेमतेम काही महिन्यांचा. पालकांपुढे मार्ग तीन : भाड्याने घेणे, थोरल्याचे धाकट्याला देणे किंवा मोठे माप घेऊन वेळ मारून नेणे. तिसऱ्या मार्गात टाच आत उचलली जाते, मूल तोल सावरायला मागे रेलते आणि स्कीवरचा ताबा सुटतो. काटकसर येथे थेट सुरक्षिततेशी भिडते.

इटलीतील माँटेबेलुना हे गाव पिढ्यान्‌पिढ्या पर्वतारोहणाचे जोडे शिवत आले आणि पुढे प्लास्टिकच्या स्कीबुटांचेही केंद्र झाले. तिथल्या रोचेस कंपनीने लांबी वाढवता येणारे मुलांचे बूट काढले. युक्ती शिंप्याच्या दुमडीचीच : कवचाचे भाग एकमेकांवर सरकतात आणि एकाच जोडीत सहा मापे सामावतात. मुलांच्या चाकांच्या स्केट्समध्येही हीच योजना दिसते. मात्र एक मेख आहे. पडताना पाय मोकळा करणारे बाइंडिंग वजन, उंची, वय, कौशल्य आणि बुटाच्या तळाची लांबी पाहून जुळवलेले असते. तळाची लांबी बदलली की ते जाणकाराकडून पुन्हा जुळवून घ्यावेच लागते. हे विसरले, तर वाचवलेले पैसे मुलाच्या हाडांवर बेतू शकतात.

हीच कल्पना दुसऱ्या टोकालाही सुचली. २००७ साली नैरोबीत केंटन ली या अमेरिकन तरुणाने एक लहान मुलगी पाहिली. तिचे बूट इतके अपुरे होते की बोटे बाहेर आली होती. त्यातून काही वर्षांनी पाच मापे वाढणारी सँडल तयार झाली. एकीकडे हिवाळी सहलीचा खर्च, दुसरीकडे अनवाणी पाय. दोघांच्या गरजांची तुलना करणेही संकोचाचे वाटते. तरीही दोन्ही ठिकाणी ध्यानात आले ते एकच, की मापांचे तक्ते थांबलेल्या पायासाठी आखलेले असतात.

आम्ही वर्गात वाङ्मयेतिहास शिकवतो, तेव्हा बालसाहित्याचे प्रकरण शेवटी येते आणि बहुधा वेळेअभावी राहून जाते. बुटांच्या इतिहासातही मुलांची पाळी उशिरानेच आली. त्या प्रकरणाला प्रारंभीच्या तासांत जागा द्यावी, असे आम्हांला हे लिहिताना वाटू लागले आहे.