मुल्कीच्या दाखल्यापासून फळ्यावरच्या परीक्षेपर्यंत

हैदराबादेतील मराठी घराण्यांचा इतिहास बव्हंशी नोकरीचा इतिहास आहे, आणि नोकरीच्या दारात काय विचारले गेले, यावर त्याची वळणे ठरली. १८८० च्या दशकात निजामी दफ्तरांत फारसीच्या जागी उर्दू आली. १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ सुरू झाले आणि पदवीचे माध्यमही उर्दूच झाले. १९१९ च्या मुल्की नियमांनी आणखी एक प्रश्न घातला: उमेदवार कुठला? जन्माने संस्थानचा नसेल, तर पंधरा वर्षांचा रहिवास आणि परत न जाण्याचे प्रतिज्ञापत्र. पुण्या-साताऱ्याकडून आलेल्यांना ते मूळ गावावर पाणी सोडण्यासारखे वाटले असणार. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात गेला, आपण येथेच राहिलो. मुल्की नियम १९७३ साली रद्द झाले.

१९९८ साली माधापुरात सायबर टॉवर्सचे उद्घाटन झाले. मायक्रोसॉफ्टचे विकसन केंद्रही त्याच वर्षी या शहरात आले. या नव्या दारात रहिवासाचा दाखला कोणी मागत नाही. आधी लेखी चाळणी, मग तांत्रिक मुलाखतीच्या फेऱ्या, शेवटी मनुष्यबळ विभागाची भेट. प्रश्न वरकरणी साधे असतात. उदाहरणार्थ, हजार संख्यांतून ठरावीक बेरजेच्या दोन संख्या शोधा. प्रत्येक जोडी तपासू गेल्यास ४,९९,५०० जोड्या होतात. चतुर उमेदवार पाहिलेल्या संख्यांची नोंदवही ठेवतो आणि प्रत्येक नव्या संख्येची पूरक संख्या तीत आहे का, एवढेच पाहतो. एका फेरीत काम होते.

मात्र उत्तर फळ्यावर (हल्ली बहुधा संगणकाच्या पडद्यावर) लिहिता लिहिता आपला विचार मोठ्याने बोलून दाखवावा लागतो, आणि तोही इंग्रजीत. ही केवळ बुद्धीची परीक्षा आहे, हे म्हणणे मला पटत नाही. उर्दूच्या जागी इंग्रजी आली, एवढाच पालट. आपल्या वाडवडिलांनी दफ्तरापुरती उर्दू कमावली आणि हिशेब मनात मराठीतच केला. आज पाढेसुद्धा घराघरांतून इंग्रजीत म्हटले जातात. गणिताच्या बाबतीत मराठी घरातूनच निघून चालली आहे, आणि त्याचा दोष कोणत्याही फर्मानाला देता येत नाही.

तयारी करणाऱ्या नातवंडांनी असा एखादा प्रश्न आधी मराठीत उलगडून सांगावा. विवेकवर्धिनीत मराठीतून गणित शिकलेले आजी-आजोबा ऐकायला बसले, तर युक्तिवाद नेमका कोठे अडला, हे ते संगणक न शिकताही सांगू शकतील.