मेगापिक्सेलच्या पलीकडे

दोन स्मार्टफोनची तुलना करताना आपण दोन प्रश्न वेगवेगळे विचारतो. कॅमेरा किती मेगापिक्सेलचा? आणि फोन एका वेळी किती कामे करू शकतो? इतिहास पाहिला तर हे प्रश्न हळूहळू एकत्र आलेले दिसतात.

२००७ साली आलेल्या नोकिया एन-९५ चा कॅमेरा ५ मेगापिक्सेलचा होता आणि त्यावर अनेक प्रोग्रॅम एकाच वेळी चालू ठेवता येत. त्याच वर्षीच्या पहिल्या आयफोनचा कॅमेरा २ मेगापिक्सेलचा. इतर कंपन्यांच्या अ‍ॅपना पडद्याआड काम करण्याची मुभा आयफोनवर २०१० मध्ये मिळाली.

मेगापिक्सेल म्हणजे दहा लाख प्रकाशबिंदू. पण नखाएवढ्या संवेदकावर बिंदू वाढवले, की प्रत्येकाच्या वाट्याला कमी प्रकाश येतो आणि अंधुक उजेडातले चित्र रवाळ दिसते. म्हणून २०१२ च्या नोकिया ८०८ ने ४१ मेगापिक्सेलचा मोठा संवेदक घेतला आणि शेजारच्या सुमारे ७ बिंदूंचा मिळून एक बिंदू केला.

२०१३ मध्ये गूगलने नेक्सस ५ वर वेगळी वाट धरली : लागोपाठ अनेक छायाचित्रे टिपायची, एकमेकांवर जुळवायची आणि सरासरी काढायची. रवाळपणा यादृच्छिक असतो. त्यामुळे ९ चित्रांच्या सरासरीत तो साधारण एक-तृतीयांश उरतो. ही आकडेमोड चालू असतानाच पुढचे छायाचित्रही घेता यायला हवे. म्हणजे अनेक कामे एकदम करण्याची क्षमता हा कॅमेऱ्याचाच भाग झाला.

प्रयोगशाळेत एकच माप पुन्हा पुन्हा घेऊन आपण सरासरी का काढतो, हे समजावायला यापेक्षा जवळचे उदाहरण कोणते?